डोळ्याचं घड्याळ, कानाचं घड्याळ

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर इराने मला विचारलं, "आजी, फिजिक्सचं पहिलं प्रकरण इतकं कंटाळवाणं का असतं? मोजमाप, एककं, चुका, सरासरी. खरं फिजिक्स कधी सुरू होतं?" मी "होईल गं होईल" म्हणून वेळ मारून नेली, कारण तुझ्या आईला ऑफिसला उशीर होत होता आणि माझं इकडे दूध उतू जायला आलं होतं. दूध वाचलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्यातच तळेगावच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी येऊन म्हणाल्या, "मॅडम, इतकी वर्षं शिकवलंत, नोकरीतलं काहीतरी लिहा." म्हटलं, लिहायचंच तर तुम्हाला उद्देशून लिहावं. बाकीच्यांनी तुमच्या खांद्यावरून वाचावं.

तिकडच्या शनिवारच्या मराठी वर्गामुळे तुम्ही आता सलग वाचता, असं तुमचा बाबा सांगतो. कुठे अडलं तर त्याला विचारा. त्यालाही अडेल, मग मला फोन करा.

मी वडगाव मावळजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. माझं स्वतःचं शिक्षण लोणावळ्यात आणि मग पुण्यात, सगळं इंग्रजीतून. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात एखादी कल्पना समजावून सांगत असे आणि मुलं माझ्याकडे आदराने बघत राहत. आदर म्हणजे समजलेलं नसतं, हे कळायला मला एक सत्र लागलं. समजलं की मुलं आदर सोडून वाद घालतात. त्या वादांतून मी मराठी शिकले, तीसुद्धा मावळची.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. फिजिक्सच्या मास्तराचं अर्धं आयुष्य प्रॅक्टिकलमध्ये जातं. लोलकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला धातूची गोळी बांधायची, झुलवायची, झोके मोजायचे, वेळ घ्यायचा आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ते काढायचं. पुस्तकात उत्तर नऊ पूर्णांक आठ दिलेलं आहे. त्यामुळे अख्ख्या वर्गाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ येतं. दोरा सुतळीचा असो, घड्याळ अडखळणारं असो, खिडकीतून वारा येत असो, उत्तर तेच. मुलं आधी उत्तर लिहितात, मग उलटं गणित करत रीडिंगपर्यंत येतात. वरच्या वर्गातल्यांची जर्नलं त्यासाठी जपून ठेवलेली असतात. परीक्षक सही करून चहा घेतात. मी पुष्कळ भांडले, ओरडले, काही उपयोग झाला नाही. निवृत्त झाले त्या वर्षीही माझ्या लॅबमध्ये पृथ्वी पुस्तकाबरहुकूमच ओढत होती.

एका वर्षी मात्र एका मुलीचं उत्तर साडेनऊ आलं. तिचं नाव वनिता. कॉलेजपासून जीपने अर्ध्या तासावरच्या गावातली, शेतकरी घरातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक हा अंक वाचतात. मी विचारलं, "शेजारणीचं बघून दुरुस्त का नाही केलंस?"

"तिचा दोरा येगळा हाय, मॅडम."

"मग साडेनऊ का आलं असेल?"

दोन दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. तिने दोरा मोकळा असताना मोजला होता. गोळी बांधल्यावर तो ताणून लांबला आणि तिने हिशोबात धरली ती जुनी, कमी लांबी. "चूक माजी न्हाई, दोऱ्याची हाय," ती म्हणाली, आणि मग, "म्हंजे माजीच. मी नंतर मोजायला पायजे हुतं." मी तिला पूर्ण गुण दिले. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याशी अर्धा तास वाद घालत बसले.

पालकांतही एकेक नग असत. दुधाचा टेम्पो चालवणारे एक गृहस्थ मुलाची प्रगती विचारायला म्हणून आले आणि मुद्द्यावर आले, "मॅडम, खंडाळ्याचा घाट न्यूट्रलवर उतरला तर डिझेल वाचतं का न्हाई?" मी म्हटलं, डिझेलचं राहू द्या, वरून खाली येताना गाडीच्या अंगात जी ताकद येते ती कुठेतरी जिरायला हवी. गिअरमध्ये असेल तर इंजिन थोडी जिरवतं, न्यूट्रलवर सगळी ब्रेकला जिरवावी लागते. एकदा खाली उतरल्यावर चाकाशी ब्रेकवर पाणी शिंपडून बघा. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. "चुर्रर्र झालं," एवढंच म्हणाले, आणि मुलाची प्रगती न विचारताच गेले. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात यशस्वी पालकसभा.

पण मला सांगायचं आहे ते वनिताचं.

तिच्या वडिलांना गाव खंडूभाऊ म्हणत असे, तीसुद्धा भाऊच म्हणे. भाताची शेती, चार खिलार बैल, आणि जीव सगळा त्या बैलांत. आमच्या भागात जत्रेला बैलगाडा शर्यत होते. निहार, तू सिनेमात बघतोस तशी रथांची रेटारेटी डोळ्यांसमोर आणू नकोस. इथे चढावर एक सरळ पट्टी आखलेली असते, तिला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो. खाली निशाण पडलं की बैल सुटतात, वरची रेषा ओलांडली की संपलं. एका गाड्याच्या अशा पळण्याला बारी म्हणतात. दिवसभर बाऱ्या चालतात आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो पहिला. म्हणजे दोन गाडे समोरासमोर कधी येतच नाहीत. त्यांची गाठ पडते ती फक्त घड्याळात.

इरा, तू विचारशील, बैलांना त्रास होत नाही का. होत असे. चाबूक, टोचणी, सगळं मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल वर्गात बोलून नाकं मुरडून घेतली आहेत. पुढे न्यायालयाने बंदी घातली, मग नियम घालून परवानगी दिली. आता बरंच सुधारलं आहे, सगळं नाही. ही गोष्ट बंदीच्या आधीची, मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते तेव्हाची.

घड्याळ हातात धरायचा मान नानांचा. नाना म्हणजे गावातले रेल्वेतून निवृत्त झालेले केबिनमन. आयुष्यभर सिग्नलचे दांडे ओढलेले, शब्दाचे पक्के. वरच्या रेषेपाशी खुर्ची टाकून ते बसत. खाली निशाणवाला निशाण पाडे आणि त्याच क्षणी शिट्टी फुंके. नाना अंगठ्याने घड्याळ सुरू करत, गाडा रेषेवर आला की थांबवत. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या मारुती आबांचा गाडा सकाळी पळाला आणि दुपारपर्यंत पहिला राहिला. उन्हं कलल्यावर खंडूभाऊंची बारी झाली. त्यांचा वेळ आबांपेक्षा दोन दशांश सेकंदाने कमी आला. मग काय, गुलाल, हलगी, बैलांच्या शिंगांना फेटे. खंडूभाऊ गाड्यावर उभे राहिले आणि सगळ्या जत्रेसमोर ओरडून म्हणाले, "माज्या पोरीला म्या बीएस्सीला घालनार!"

ही घोषणा साधी नव्हती. वनिताची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, आणि तिच्या आत्याने एक स्थळ आणून ठेवलं होतं. पोरीला पुढं शिकवायचं की उजवायचं यावर घरात महिनाभर धुसफुस चालली होती. ती एका बारीने मिटली. दुसऱ्या दिवशी वनिता पेढे घेऊन लॅबमध्ये आली. मी वर्षअखेरची मोजदाद करत होते, भिंगं, चुंबकं, फुटलेल्या परीक्षानळ्या. तिने मला पेढा भरवला तो हात गुलालाचा होता.

चारेक दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी पेढे नव्हते.

"मॅडम, आवाज एका सेकंदाला किती जातो?"

"तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय. तुमच्या तोंडून पायजे."

"साडेतीनशे मीटरच्या थोडा आत. का?"

तिने सगळं सांगितलं. मारुती आबांच्या गावात बोभाटा झाला होता की नाना खंडूभाऊंचे शेजारी, म्हणून त्यांनी घड्याळ मागेपुढे केलं. नानांना बाजारात एकाने तोंडावर लबाड म्हटलं. तेव्हापासून ते देवळाच्या पारावर यायचे थांबले होते. वनिता त्यांच्या घरी गेली आणि तिने, आपण कोणी विचारणार नाही असा प्रश्न विचारला: "नाना, घड्याळ सुरू करताना तुमी काय करता, ते नीट सांगा." नाना म्हणाले, "सकाळी निशाणाकडं बघून दाबतो. दुपारनंतर ऊन डोळ्यावर येतं, निशाण दिसत न्हाई. मग शिट्टीवर दाबतो. एकच की गं ते. निशाण आन् शिट्टी एकदमच असतंय."

एकदमच असतं, पण खाली. वर पोचत नाही एकदम. निशाण पडलेलं डोळ्याला लगेच दिसतं. शिट्टीला मात्र तो शंभर मीटरच्या थोडा वरचा चढ ओलांडून नानांच्या कानापर्यंत यावं लागतं, आणि त्यात जवळजवळ एक तृतीयांश सेकंद जातो. तेवढा वेळ बैल पळत असतात आणि घड्याळ सुरूच झालेलं नसतं. म्हणजे दुपारनंतरच्या प्रत्येक गाड्याला तेवढी सूट मिळाली होती. खंडूभाऊ जिंकले होते दोन दशांशाने.

हे गणित तिने माझ्या टेबलावर खडूने मांडलं आणि मग खाली मान घालून खडू पुसत बसली. तिला काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं. हे गणित गावात गेलं की बापाचा गुलाल उतरणार, आणि त्या गुलालात दिलेला शब्दही.

"हे तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही," मी म्हणाले.

"नानाला माहीत न्हाई, तेच तर वंगाळ हाय. त्याला वाटाया लागलंय, आपल्याकडनंच कायतरी झालं."

"मी येऊन सांगू का?"

"नगं मॅडम. लोक म्हंतील, बाईनं पोरीला फितवलं. आन् भाऊ तुमचं ऐकून घेतील, मान डोलवतील, आन् मानणार न्हाईत." ती उठली. "त्यांच्याच हातात घड्याळ देऊ."

तिने काय योजलं आहे हे मला रविवारी सकाळी घाटावर गेल्यावर नीट कळलं. जत्रेच्या कागदी पताका अजून उडत होत्या. नाना आले होते, दाढी वाढलेली. मारुती आबा त्यांच्या गावच्या दोघांना घेऊन आले होते. आणि खंडूभाऊ आले होते मोठ्या खुशीत, कारण त्यांना वाटलं होतं की मॅडम कॉलेजातून नानांची बाजू घ्यायला आल्या आहेत. त्यांनी मला गुळाचा चहाही आणला होता किटलीत. तो चहा मला जड गेला.

वनिताने लॅबमधली दोन स्टॉपवॉच खंडूभाऊ आणि आबांच्या हातात दिली आणि दोघांना वरच्या रेषेपाशी उभं केलं. खाली दरवर्षीचाच निशाणवाला उभा केला. वर नानांना हात उंच धरून उभं केलं. ठरलं असं: निशाण पडलं की दोघांनी घड्याळ सुरू करायचं, नानांचा हात खाली आला की थांबवायचं. आधी दोघांनीही निशाणाकडे बघूनच.

पहिल्या खेपेला खंडूभाऊंचा आकडा जास्त आला, दुसऱ्या खेपेला आबांचा. तिसऱ्याला आबांनी घड्याळ सुरूच केलं नव्हतं.

"आबा, घड्याळ हाय ते, तंबाखूची डबी न्हाई. दाबावं लागतंय," खंडूभाऊ म्हणाले.

"तुजा आंगठा चालतोय ना, बास. बैलापेक्षा आंगठाच पळतोय तुजा."

"पळंल न्हाई तर! खंडूचा आंगठा हाय."

वनिताने हसणं दाबत आणखी काही खेपा घेतल्या आणि सगळे आकडे मातीत काडीने लिहिले. दोघांचे आकडे जुळत नव्हते. कधी एक पुढे, कधी दुसरा, आणि फरक कधी एक दशांश, कधी दोन.

मग तिने आबांना पाठमोरं उभं केलं. "आबा, आता तुमी बघायचं न्हाई. शिट्टी ऐकली की दाबायचं." खंडूभाऊंनी निशाणाकडे बघायचं. पुन्हा खेपा झाल्या. आता आकडे मागेपुढे होईनात. प्रत्येक वेळी आबांचंच घड्याळ कमी दाखवू लागलं.

"म्हातारा झाला आबा," खंडूभाऊ म्हणाले. "उशिरा दाबतोय."

"भाऊ, आता तुमी पाठ करा," वनिता म्हणाली.

खंडूभाऊ पाठमोरे झाले, आबांचं तोंड खाली निशाणाकडे. शिट्टी झाली, नानांचा हात पडला. खंडूभाऊंनी स्वतःचं घड्याळ बघितलं, मग मान लांब करून आबांचं बघितलं. "परत," ते म्हणाले. परत झालं. "परत." पाचव्यांदा की सहाव्यांदा ते परत म्हणाले नाहीत.

इरा, तुझं ते कंटाळवाणं पहिलं प्रकरण मी इतकी वर्षं शिकवलं, पण ते घडताना त्या दिवशी पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणसं आलटून-पालटून बघायची, म्हणजे दोष माणसाचा की पद्धतीचा ते कळतं. आणि सगळ्यात आधी, काहीही न बदलता किती फरक पडतो ते बघून ठेवायचं. वनिताने तो पहिला फेरा उगाच घेतला नव्हता.

"भाऊ," ती म्हणाली, "आबांच्या बारीला नानांनी निशाण बघितलं. तुमच्या बारीला ऊन हुतं, त्यांनी शिट्टी ऐकली. शिट्टी वर यायला येळ लागतो. तेवढा येळ तुमच्या बारीतनं कमी झाला. नाना खोटं न्हाई बोलले. आवाजच उशिरा आला."

मारुती आबांनी टोपी काढून आपटली. "म्हंजे आमीच पयले! ऐकलं का रं? आमीच पयले!"

"न्हाई आबा."

"आता काय न्हाई?"

"तेबी सांगता येत न्हाई." तिने मातीतले पहिले आकडे दाखवले. "तुमी दोघं एकाच निशाणाकडं बघत हुता, तरी तुमच्या आंगठ्यात एवढा फरक. नाना काय आन् तुमी काय, आंगठा हाय तो. शिट्टीची सूट वजा केली तर तुमच्या बैलांत आन् आमच्या बैलांत उरतो तो फरक ह्याच्यापेक्षा ल्हान हाय. ह्या घड्याळानं तो दिसत न्हाई."

"मग पयलं कोन?" हे खंडूभाऊ.

"ठावं न्हाई, भाऊ."

"एवढं शिकून ठावं न्हाई?"

"शिकले म्हनून तर कळलं, की ठावं न्हाई."

खंडूभाऊंनी घड्याळ माझ्या हातात दिलं, अगदी नीट, दोरी गुंडाळून. लेकीकडे न बघता उतार धरून निघून गेले. किटली तिथेच राहिली. आबा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्याच गावच्या माणसाने त्यांचा दंड धरला. नाना एका दगडावर बसले. "म्हंजे लबाड न्हाई मी," ते कोणालाच न उद्देशून म्हणाले. आबा जवळ गेले, थोडे घुटमळले आणि त्यांच्यापुढे तंबाखूची डबी उघडून धरली. नानांनी चिमूट घेतली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

परतताना जीपमध्ये वनिता रडेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, गणितानं जेवढा फरक यायला पायजे, त्याच्यापेक्षा थोडा कमीच का येत हुता?" मी सांगितलं की डोळ्यांनी पाहून हात हलायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा कानाने ऐकून हलायला थोडा कमी लागतो, शिट्टी उशिरा येते, पण कान तिला पटकन उचलतो. "म्हंजे कानाचीबी थोडी बाजू हाय," ती म्हणाली. रडली नसेल असं नाही, पण माझ्यासमोर नाही.

जत्रा कमिटीने दोघांनाही पहिला नंबर दिला, आणि नानांच्या सांगण्यावरून पुढच्या वर्षीसाठी एक नियम केला. निशाण दिसेल अशा बाजूला घड्याळवाला बसेल, शिट्टी बंद, आणि गाडा सुटायच्या आधी निवेदकाने भोंगा बंद ठेवायचा. आवाज आला की अंगठा कानाचं ऐकतो, असं नानांचं म्हणणं होतं. त्यांना स्वतःवर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून त्यांनी आवाजच काढून टाकला.

घरी मात्र खंडूभाऊ लेकीशी बोलेनात. आत्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. निकाल लागला, वनिताला चांगले गुण मिळाले, प्रवेशाचे अर्ज निघाले, तरी घरून होकार नाही. मी दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. मी जाऊन बसावं का, यावर रोज विचार करत होते आणि रोज थांबत होते. मुलीने स्वतः उघडलेलं दार आपण जाऊन ढकलू नये, असं वाटायचं. ते बरोबर होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एका सकाळी खंडूभाऊ स्वतःच स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत येईनात.

"मॅडम, एक इचारू? पोर तितं जे बोलली, ते तुमी शिकवलं व्हय?"

"गणित मी शिकवलं. बोलली ती आपणहून."

"हं." ते चपलेने फरशीवरची माती सारखी करत राहिले. "लय राग आला हुता. चार गावांत म्या गुलाल घेतला आन् पोटच्या पोरीनं पुसला. मग नाना घरी आला. पाया पडाया लागला वनीच्या, एवढा मोठा मानूस. आता माजं नाव गेलं ते गेलं. मी बाप हाय तिचा, मी कुटं जानार?" मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "पन मॅडम, हिला आता पुढं शिकवावंच लागंल. असली पोरगी सासरी धाडली, तर पयल्याच दिशी सासऱ्याचं घड्याळ तपासंल."

मी हसले. तेही हसले, पण नंतर, सावकाश. पुण्याला मात्र त्यांनी पाठवलं नाही. तळेगावला घातलं, लोकलने जाऊन येऊन.

वनिता बीएस्सी झाली. पुढे संशोधनात जावं, असं मला फार वाटत होतं. मी अर्ज आणून दिले, ओळखी काढल्या, पण घरची परिस्थिती, धाकटी भावंडं, मग लग्न, असं एकेक होत ते राहून गेलं. आज ती चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मोजमाप खात्याची प्रमुख आहे. केसाच्या जाडीहून लहान फरक शोधायचं काम. मी हळहळ व्यक्त केली की ती मलाच समजावते, "मॅडम, माज्या सहीबिगर एक नट बाहेर जात न्हाई. आजून काय पायजे?" माझी हळहळ तरीही जात नाही. शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त हवं असतं, ही एक खोड आहे.

खंडूभाऊ थकले आहेत, बैल आता वनिताचा भाऊ पाळतो. नाना गेले, मारुती आबाही गेले. गेल्या चैत्रात वनिता मला गाडीत घालून जत्रेला घेऊन गेली. गुडघ्यांमुळे मी खुर्चीवरून उठले नाही. घाट तोच आहे, पण खाली आणि वर आता यंत्रं बसवली आहेत. बैलांनी किरण कापला की घड्याळ आपोआप सुरू होतं आणि वर आपोआप थांबतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा आकडा मोठ्या पडद्यावर झळकतो. त्यात कोणाचा डोळा नाही, कान नाही, अंगठाही नाही.

निवेदक मात्र भोंग्यावर अखंड बोलत होता. कोणाचा गाडा, कोणत्या गावचा, बैलांच्या आईबापांची नावं. आणि प्रत्येक वेळी खाली निशाण वर गेलं की तो गप्प होई. त्याच्यामागोमाग हलगी थांबे, शेंगदाणेवाले थांबत, अख्खा डोंगर गप्प होई, आणि निशाण पडून बैल उसळले की मगच एकदम सगळ्यांचे आवाज फुटत. वनिता माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. जेवायच्या सुट्टीत तिने मुद्दाम निवेदकाला गाठून विचारलं, "दादा, गाडा सुटताना गप का ऱ्हाता?"

"आमच्या घाटाची रीतच हाय ती, ताई," तो म्हणाला. "पयल्यापासनं."

घड्याळाला आता त्या शांततेची गरज नाही. तरी ती आहे.

तुमची,
आजी